हातातले हुनर आणि तोंडी परीक्षा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.





या मेळाव्यात दरवर्षी कोणी तरी पाहुणे येतात आणि मुलांनी डॉक्टर कसे व्हावे, इंजिनिअर कसे व्हावे, कलेक्टर कसे व्हावे, हे सांगून जातात. ते ऐकून आपण टाळ्या वाजवतो. यंदा पाहुणे मिळाले नाहीत म्हणून मुख्याध्यापक साहेबांनी मला उभे केले आणि विषय विचारला. मी म्हणालो, ‘ठिबक सिंचनाच्या तंत्रज्ञाची परीक्षा.’ साहेब क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘अहो, तुम्ही तर इतिहास शिकवता!’

त्यांचे म्हणणे खरे आहे. मी बी. ए. झालो तो इतिहास आणि मराठी घेऊन. पाईप, पंप आणि फिल्टर यांच्याशी माझा संबंध घरातल्या नळापुरता. तरीही हा विषय मी का घेतला, ते ओघाने येईल.

आधी आपल्या जिल्ह्याकडे पाहा. उमरग्यापासून परंड्यापर्यंत कोणत्याही बाजाराच्या गावी जा आणि दुकानांच्या पाट्या वाचत चला. मोटार रिवाइंडिंग, वेल्डिंग, बोअरची दुरुस्ती, पाईप फिटिंग, पंपाचे सुटे भाग. या पाट्यांवर आपल्या बिरादरीची नावे किती दिसतात ते मोजायला मी सांगत नाही. तुम्हाला ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. विहिरीत उतरून मोटर काढणारा, रात्री दोन वाजता लाइट आली म्हणून स्टार्टर पाहायला धावणारा, उन्हात लॅटरल पसरणारा, हा आपला भाऊ, आपला भाचा, आपला शेजारी असतो. अब्बांकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे हे हुनर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्याची कुठे नोंद नाही, कागद नाही. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर त्याची साक्षही जाते.

आणि हा जिल्हा पाण्याच्या बाबतीत असा, की इथे पाणी जपून देणाऱ्या माणसाला काम कमी पडू नये. वर्षाचा पाऊस सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडेल तेव्हा खरा. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपल्या दादा-दादींनी सांगितल्या आहेत. २०१६ च्या एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर तुमच्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले. तेरणा, मांजरा, सीना, बोरी अशा नद्यांची नावे नकाशात मोठी दिसतात, पण उन्हाळ्यात त्यांच्या पात्रातून चप्पल न भिजवता पलीकडे जाता येते. अशा मुलखात ऊस, द्राक्ष, टोमॅटो, मिरची करावयाची तर ठिबकाला पर्याय नाही. शासनानेही त्यासाठी अनुदान ठेवले आहे. अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर धरून हेच अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. मर्यादा पाच हेक्टरची. म्हणजे शेतात संच बसतच आहेत. ते बसवणारा हात कोणाचा आणि त्या हाताला काय कळते, एवढाच प्रश्न उरतो.

आता परीक्षेकडे वळतो. शेतीच्या कामांतील कौशल्यांसाठी देशपातळीवर भारतीय कृषी कौशल्य परिषद आहे. तिने ठरवलेल्या कामांत ‘सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ’ असे एक काम आहे. त्याचे प्रशिक्षण घेतल्यावर परीक्षा होते, आणि ती शिकवणारा माणूस घेत नाही, बाहेरून नेमलेला परीक्षक घेतो. लेखी प्रश्न असतात, प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते आणि तोंडी प्रश्नोत्तरे होतात. जो माणूस हे काम आधीपासून करतो आहे, त्याच्यासाठी ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ नावाचा आखूड रस्ताही कौशल्य विकास योजनेत काढण्यात आला. त्यात थोडी उजळणी आणि मग परीक्षा. ज्याला वर्षभर शिकण्याची सवड आहे त्याच्यासाठी आयटीआयमध्ये ‘पंप ऑपरेटर-कम-मेकॅनिक’ हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. मात्र तो प्रत्येक आयटीआयमध्ये असतोच असे नाही, चौकशी करून जावे. नियम, शुल्क, वर्ग सुरू होण्याच्या तारखा या गोष्टी बदलत असतात, म्हणून त्या मी इथे सांगत बसत नाही.

मला सांगावयाचे आहे ते वेगळे. या परीक्षेत आपली मुले नापास होतात ती काम येत नाही म्हणून नव्हे. काम तर त्यांना परीक्षकाहूनही चांगले येत असेल. ती अडतात ‘का?’ या एका प्रश्नापाशी.

माझाच एक विद्यार्थी. नाव सांगत नाही, तो आज इथे मागच्या रांगेत बसला आहे आणि त्याला लाजवावे अशी माझी इच्छा नाही. दहावीनंतर शाळा सोडून तो एका दुकानदाराकडे ठिबकाचे संच बसवायला जाऊ लागला. त्याचा दाखला लिहिताना मी सर्व शिक्षकांसमोर म्हणालो होतो, ‘पाईप ओढायला शाळा कशाला लागते?’ विनोद म्हणून म्हणालो. सगळे हसले. तोही हसला.

तीन वर्षांनी तो माझ्या घरी आला. मगरिबची नमाज नुकतीच झाली होती. म्हणाला, ‘सर, परीक्षा दिली, तोंडीत गेलो.’ मी विचारले, काय विचारले होते? त्याने सांगितले की परीक्षकाने दोन आकडे दिले. फिल्टरच्या अलीकडच्या गेजवर दाब १.८ किलो आणि पलीकडच्या गेजवर १ किलो. काय कराल? हा म्हणाला, ‘मालकाला फोन करीन.’ खोलीतले लोक हसले.

आता गंमत पाहा. हा मुलगा रोज दोन-चार ठिकाणचे फिल्टर उघडून धूत होता. पण तो ते मोटरच्या आवाजावरून ओळखत असे. फिल्टर चोंदला की मोटरचा सूर बदलतो, शेवटच्या तोट्या मंदावतात, हे त्याच्या कानाला आणि डोळ्याला पक्के माहीत होते. गेजचे दोन आकडे आणि ते चोंदणे हे एकच आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. दोन्ही गेजमधला फरक अर्ध्या किलोपेक्षा वाढला की गाळणी धुवावी, एवढे एक वाक्य. ते वाक्य त्याच्या हातांना येत होते आणि तोंडाला येत नव्हते.

त्या रात्री मला माझा विनोद आठवला. शाळा कशाला लागते, याचे उत्तर माझ्या ओसरीवर येऊन बसले होते.

मग आम्ही दोघांनी अभ्यास सुरू केला. मी गुरू आणि तो शिष्य असे समजू नका. ग्रोमेट म्हणजे काय हे मला त्याच्याकडून कळले. तो एक काम सांगायचा, मी विचारायचो ‘का?’ आणि उत्तर आले नाही की दोघे मिळून पुस्तकात शोधायचो. उपमुख्य पाईपला भोक पाडताना ठरलेल्याच मापाचा ड्रिल का? कारण भोक मोठे झाले तर रबरी ग्रोमेट सैल बसतो आणि गळतो. भोक पाडल्यावर प्लास्टिकचा कीस झटकायचा का? कारण तो आत गेला तर वाहत जाऊन तोटीत बसतो. पीव्हीसीचा सांधा सॉल्व्हंट लावून जोडल्यावर लगेच पंप का सुरू करावयाचा नाही? कारण तो सांधा वरून कोरडा दिसला तरी आत मुरायला वेळ लागतो. संच पहिल्यांदा सुरू करताना आधी मुख्य पाईप, मग उपमुख्य आणि शेवटी लॅटरलची टोके उघडून पाणी का सोडायचे? कारण उलट क्रमाने केले तर मोठ्या पाईपमधली माती लहान नळ्यांत जाईल. तोट्यांमधला क्षार काढण्यासाठी आम्ल सोडावयाचे असते. तेव्हा आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही, कारण ते उसळून अंगावर येते. हे शेवटचे उत्तर परीक्षेत गुण देते हे खरे, पण डोळे वाचवते हे त्याहून खरे. काम करणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनी तेवढे तरी आज घरी नेऊन सांगावे.

या अभ्यासात सर्वात जास्त दिवस गेले ते ‘दाब’ या एका गोष्टीवर. पुस्तकात सारखा ‘हेड’ हा शब्द येत होता. त्याला हेड म्हणजे हेडमास्तर एवढेच माहीत, आणि खरे सांगायचे तर मलाही तेवढेच. (साहेब, माफ करा.) शेवटी मी त्याला मशिदीत नेले. छतावर टाकी आहे. वुजूच्या जागेवरची तोटी उघडली तर धार जोरात येते, वरच्या मजल्यावरची उघडली तर मंद. पाणी तेच, टाकी तीच. टाकीतल्या पाण्याची पातळी तोटीपेक्षा जितकी उंच, तितका जोर. ती उंची म्हणजेच हेड. दहा मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो होतो. ठिबकाची साधी तोटी साधारण तेवढ्याच दाबावर तिचे ठरलेले पाणी देते. हे कळले आणि गेजवरचा काटा त्याच्याशी बोलू लागला.

मलाही त्या दिवशी माझ्या विषयातली एक गोष्ट नव्याने कळली. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सहलीत पाहतो. दूरच्या उगमापासून मातीच्या नळांतून आणलेले पाणी तिथे उंच भिंतीवर चढते आणि खाली पडून जाते फिरवते. ते वर चढते कसे, तर उगम त्याहून उंचावर आहे म्हणून. तसाच आपल्या तुळजापूर तालुक्यातला नळदुर्गचा किल्ला. १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात, मीर मुहंमद इमादीन या कारागिराने किल्ल्यातच बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधला. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे वरून कोसळतात आणि महालात माणूस कोरडा उभा राहतो. मी इतकी वर्षे मुलांकडून ‘१६१३, आदिलशाही’ एवढे पाठ करून घेतले. बांधाच्या भिंतीवर खालच्या बाजूला पाणी जास्त जोर का लावते, हे एकाही मुलाला विचारले नाही. विचारले असते तर त्या मुलाला हेड शब्दासाठी मशिदीपर्यंत चालावे लागले नसते.

आता हिशेबाकडे येतो, कारण लेखी परीक्षेत मुले घाबरतात ती इथे. हे हिशेब सातवीच्या पलीकडचे नाहीत. मी फळ्यावर मांडतो, पालकांनीही पाहावे.

एक एकर म्हणजे जवळजवळ ४,००० चौरस मीटर. दोन ओळींत दीड मीटर अंतर ठेवले तर लॅटरल किती लागेल? ४,००० भागिले १.५, म्हणजे सुमारे २,६६७ मीटर. दर ४० सेंटिमीटरला एक तोटी धरली तर ६,६६७ तोट्या. प्रत्येक तोटी तासाला २ लिटर देणारी असेल, तर सगळ्या मिळून तासाला १३,३३४ लिटर. त्याला ३,६०० ने भागा. सेकंदाला ३.७ लिटर. विहिरीवरची मोटर सेकंदाला ४ लिटर देत असेल तर पूर्ण एकर एकदम भिजेल. पण त्याच जागी कोणी ४ लिटरच्या तोट्या बसवल्या तर मागणी ७.४ लिटर होते आणि मोटर तेवढे देऊ शकत नाही. मग रानाचे दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह बसवावे लागतात. शेतकरी विचारतो, ‘तोट्या मोठ्या घेतल्या तरी पाणी कमी का येते?’ त्याचे उत्तर या गुणाकारात आहे.

पुढे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणून एकरभर पिकाला पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर २०,००० लिटर लागतील. तासाला १३,३३४ लिटर जात असतील तर दीड तास पुरे. आठ तास लाइट आहे म्हणून आठ तास ठिबक चालवणारे कितीतरी लोक आहेत. ठिबक बसवूनही त्यांची विहीर आटते आणि दोष ठिबकाला जातो.

आणि मोटर किती अश्वशक्तीची? सेकंदाचे लिटर गुणिले एकूण हेड, भागिले ७५, आणि पुन्हा भागिले पंपाची कार्यक्षमता. ३.७ लिटर, हेड ४० मीटर, कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ३.७ गुणिले ४० म्हणजे १४८. ७५ गुणिले ०.६ म्हणजे ४५. भागाकार ३.२९. तीनची मोटर कमी पडेल, पाचची घ्यावी. ‘शेजाऱ्याने साडेसातची घेतली म्हणून आपणही’ हा हिशेब नव्हे.

हे आकडे एकदा मांडायचे नाहीत. आपापल्या ओळखीच्या रानाचे आकडे घेऊन वीस वेळा मांडावे. दुसऱ्याच्या पुस्तकातले उदाहरण परीक्षेत विसरते, मामूच्या रानाचे विसरत नाही.

भाषेबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या पुष्कळ घरांत दखनी बोलतात. काही मुले उर्दू माध्यमातून येतात, काही मराठीतून. कारागिरांची बोली तिसरीच, आणि पुस्तकाचे शब्द बहुधा इंग्रजी. मुलगा ‘पानी कम मार रहा’ म्हणतो, पुस्तक ‘विसर्ग घटला’ म्हणते आणि छापील कागदावर ‘डिस्चार्ज’ असते. तिन्ही एकच. म्हणून आम्ही एक वही केली, तीन रकान्यांची: कामावर म्हणतो तो शब्द, मराठी शब्द, इंग्रजी शब्द. रोज पाच. दोन महिन्यांत वही भरली. पेपर कोणत्या भाषेत मिळेल हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे, परीक्षेच्या दिवशी नव्हे. आणि तोंडी परीक्षेत ज्या भाषेत विचार स्पष्ट होतो त्या भाषेत बोलावे. थांबत थांबत बरोबर सांगितलेले उत्तर, घाईने बोललेल्या चुकीच्या इंग्रजीपेक्षा बरे.

वडीलधाऱ्यांनो, आता जरा कागदपत्रांविषयी ऐका, कारण यात चूक मुलांची नसते, आपली असते. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ नावाच्या आधी, आधार कार्डावर नंतर. एका कागदावर इंग्रजीत शेख एका पद्धतीने, बँकेच्या पासबुकावर दुसऱ्या पद्धतीने. जन्मतारखेचा महिना बदललेला. त्यात २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले. जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आणि नव्या कागदावर धाराशिव असणार, ते स्वाभाविक आहे आणि त्याने बिघडत नाही. पण माणसाच्या नावातला फरक मात्र नडतो. प्रमाणपत्रावर छापले जाते ते नोंदणीत दिलेले नाव. पास झालेल्या मुलाच्या हातात दुसऱ्याच माणसाचे वाटावे असे प्रमाणपत्र आलेले मी पाहिले आहे. तेव्हा फॉर्म भरण्याच्या आदल्या रात्री सगळे कागद एका चटईवर पसरून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहा. तफावत असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या.

तुम्ही मला विचाराल, हे सगळे करून मिळणार काय? मी खोटे बोलणार नाही. या प्रमाणपत्राने सरकारी नोकरी मिळत नाही. दुकानदार दुसऱ्या दिवशी पगार दुप्पट करील असेही नाही. मग काय मिळते, ते सांगण्यासाठी पुन्हा त्या मुलाकडे जातो.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. त्यानंतर काही महिन्यांनी एका गावात त्याला बोलावणे आले. एका विधवा बाईंचे टोमॅटोचे रान. ठिबक नवे, पण रानाच्या वरच्या टोकाची झाडे सुकत चालली होती. लागवडीला कर्ज काढलेले. संच बसवणाऱ्यांनी सांगितले, मोटर मोठी घ्या. म्हणजे आणखी कर्ज. हा गेला आणि त्याने एका जुन्या औषधाच्या खुणा असलेल्या बाटलीत तोट्यांचे पाणी मोजले, घड्याळ लावून तीन-तीन मिनिटे. ४ लिटरची तोटी तीन मिनिटांत २०० मिलिलिटर द्यायला हवी. लॅटरलच्या सुरुवातीच्या तोटीने तेवढे दिले. शेवटच्या तोटीने दिले ८०. त्याने नळी मोजली. एकशे वीस मीटर, तीही चढावर. पाण्याचा दाब नळीच्या घर्षणात आणि चढात संपून जात होता. त्याने मोटरला हात लावला नाही. उपमुख्य पाईप रानाच्या मधून घेतला आणि प्रत्येक नळी मधोमध तोडून दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटर केली. पाईपचा खर्च तेवढा आला. त्यानंतर शेवटच्या तोटीने १८० मिलिलिटर दिले.

मला त्याने हे सांगितले तेव्हा मी विचारले, परीक्षेआधी असतास तर काय केले असतेस? तो म्हणाला, ‘सर, दाब वाढवला असता. खालचे सांधे फुटले असते. मग मालकाला फोन केला असता.’

त्या बाईंनी त्याचे प्रमाणपत्र मागितले नाही, पाहिलेही नाही. पण मोठी मोटर घ्या म्हणणाऱ्या माणसांसमोर उभे राहून ‘नको’ म्हणण्याची हिंमत त्याच्यात त्या अभ्यासाने आली होती. अनुदानाच्या मोका तपासणीला अधिकारी आले की शेतात पसरलेली नळी आणि बिलावरची नळी जुळते का हे पाहिले जाते. तिथेही आता तो स्वतः मोजतो आणि जेवढे आहे तेवढेच सांगतो. यावरून त्याचे एका ठिकाणचे काम गेले. तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. आज तो दोन-तीन गावांत स्वतःच्या नावावर कामे घेतो, आणि हंगाम नसला की रिकामा बसतो.

एक गोष्ट भगिनींसाठी. आमच्या ओसरीवरच्या अभ्यासात त्याची धाकटी बहीण चहा घेऊन यायची आणि दारात उभी राहून हिशेब ऐकायची. एके दिवशी आम्ही दोघे अश्वशक्तीच्या भागाकारात अडलो, तेव्हा तिने दारातूनच उत्तर सांगितले. बरोबर होते. रानाचा आराखडा काढणे, साहित्याची यादी करणे, शेतकऱ्याचा ऑनलाइन अर्ज भरणे, ही सगळी या धंद्यातलीच कामे आहेत आणि ती टेबलावर बसून होतात. तिच्या अब्बांशी मी बोललो आहे. त्यांनी अजून ‘हो’ म्हटलेले नाही, ‘नाही’ही म्हटलेले नाही. ते समोरच बसले आहेत, म्हणून यापुढे मी बोलत नाही.

राहता राहिली तयारीची सोय. येत्या रविवारपासून जोहरच्या नमाजनंतर शाळेच्या मागच्या आवारात आपण दोन तास बसणार आहोत. दहावी झालेले, न झालेले, काम करणारे, सगळे या. शुल्क नाही. येताना एक वही, एक घड्याळ आणि औषधाची खुणा असलेली रिकामी बाटली आणावी. आपापल्या घरचे किंवा ओळखीचे रान पावलांनी मोजून त्याचे आकडे लिहून आणावेत. पहिल्या रविवारी फक्त पाणी मोजणे. दुसऱ्या रविवारी फिल्टर उघडून पुन्हा बसवणे आणि प्रत्येक भागाचे नाव तिन्ही भाषांत सांगणे. तोंडी परीक्षेचा सराव तिसऱ्या रविवारपासून. त्यात परीक्षक मी होणार, कारण मला त्यातले काही कळत नाही, आणि ज्याला काही कळत नाही त्याला समजावून सांगता आले तर परीक्षकालाही सांगता येते.

पाईपचे तुकडे, पंच, ग्रोमेट आणि एक जुना फिल्टर मागच्या रांगेतला तो मुलगा आणणार आहे. खडू आणि फळा माझा.